आई-बाबांच्या घराचा टॅक्स आणि नातवंडांची शाळा: न्यू जर्सीचा हिशोब

तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो. आई ६७ वर्षांची, बाबा ७०. २०१८ पासून मिडलसेक्स काउंटीत स्वतःच्या नावावरच्या कोंडोत राहतात. २०२४ चं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल ९,६४० डॉलर. उत्पन्न म्हणजे बाबांची महाराष्ट्रातली पेन्शन, तिथल्या ठेवींचं व्याज आणि इथे केलेल्या नोकरीची सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथलं सरकारी निवृत्तीवेतन. सगळं मिळून ५० हजारांच्या आत. आजवर सवलतीसाठी अर्ज केलेला नाही, कारण नातवंडं त्याच गावच्या शाळेत आहेत, यंदा तिथे शिक्षक कमी केले, आणि ‘आपण सवलत घेतली तर शाळेचेच पैसे जातील’ अशी बाबांची समजूत आहे. शिवाय गावात एक अर्ज फिरतोय: ज्यांची मुलं शाळेत नाहीत त्यांना शाळेचा टॅक्स माफ करा, नाहीतर सगळ्यांचाच २० टक्के कमी करा. त्यावर सही करावी का, हे तुम्ही विचारलंय.

बाबांना आजच सांगा: सवलत घेतल्याने गावच्या शाळेचा एक डॉलरही कमी होत नाही. का ते पुढे येईल. सहीबद्दलचं माझं मत ‘करू नका’ असं आहे, त्याचीही कारणं देतो.

‘टॅक्स फार आहे’ असं म्हणताना लोक चार वेगळ्या गोष्टी एकत्र बोलतात. एक, गावाचा एकूण खर्चच जास्त आहे. दोन, खर्च ठीक आहे पण माझ्या घराची किंमत जास्त धरल्यामुळे माझ्या वाट्याला जास्त आलंय. तीन, वाटा बरोबर आहे पण माझ्या उत्पन्नाला तो झेपत नाही. चार, गावात महागडी घरं आणि दुकानं कमी आहेत, म्हणून तेवढीच शाळा चालवायला आम्हाला जास्त दराने भरावं लागतं. पहिल्याचा उपाय बजेटच्या सुनावणीत, दुसऱ्याचा अपिलात, तिसऱ्याचा राज्याच्या सवलतींत आणि चौथ्याचा राज्याच्या शालेय अनुदानात. आई-बाबांची अडचण तिसरी आहे, शाळेची बहुधा चौथी. गावात फिरणारा अर्ज या दोन्हींना पहिल्याचं औषध देतोय.

न्यू जर्सीत टॅक्स कसा ठरतो ते पाहा. शाळा, गाव आणि काउंटी आधी ठरवतात की यंदा टॅक्समधून किती रक्कम हवी. हिला लेव्ही म्हणतात. ती रक्कम गावातल्या सगळ्या करपात्र मालमत्तेच्या किमतीवर वाटली की दर निघतो, दर १०० डॉलरमागे इतका. तुमच्या कोंडोची असेस्ड किंमत, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, २,४१,००० आणि दर ४.००, म्हणून ९,६४०. राज्याच्या सरासरीने यातले निम्म्याहून थोडे जास्त शाळेला जातात. बिल चार हप्त्यांत असतं: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. पहिले दोन हप्ते मागच्या वर्षाच्या आकड्यावर बेतलेले असतात, खरा नवा दर ऑगस्टच्या हप्त्यात कळतो. म्हणून दरवाढीची ओरड उन्हाळ्यात होते, पण शाळेच्या लेव्हीचा निर्णय त्याआधी वसंतातच झालेला असतो.

अपिलाचं थोडक्यात आटपतो, कारण तुमच्या बाबतीत त्यात फारसा दम दिसत नाही. गावाचा रेशो, म्हणजे असेस्ड किंमत बाजारभावाच्या सरासरी किती टक्के आहे तो आकडा, राज्य दरवर्षी जाहीर करतं. समजा तो ६० आहे. त्याच्या १५ टक्के वरपर्यंत, म्हणजे ६९ पर्यंत, फरक चालवून घेतला जातो. २,४१,००० भागिले ०.६९ म्हणजे सुमारे ३,४९,०००. कोंडोचा बाजारभाव याच्याखाली आहे हे शेजारच्या विक्रींवरून सिद्ध करता आलं तरच काउंटी बोर्ड असेसमेंट खाली आणेल. भाव आदल्या वर्षाच्या १ ऑक्टोबरचा धरतात. बहुतेक काउंट्यांत मुदत १ एप्रिल असते, रिव्हॅल्युएशन झालेल्या, म्हणजे सगळ्या घरांच्या किमती नव्याने ठरवलेल्या गावांत १ मे. मनमथ, बर्लिंग्टन आणि ग्लॉस्टरमध्ये ती १५ जानेवारीलाच संपते. पहिल्या तिमाहीचा टॅक्स भरलेला हवा. संकेतस्थळावरचा अंदाजे भाव पुरावा म्हणून चालत नाही, झालेली विक्री लागते.

आता सवलती. आकडे २०२४ च्या नियमांचे देतोय. चालू अर्ज भरताना वर्षं त्याप्रमाणे पुढे सरकवा आणि मर्यादा त्या वर्षीच्या पुस्तिकेतून घ्या, कारण या सगळ्या योजनांना दरवर्षी राज्याच्या बजेटमध्ये पैसे ठेवले गेले तरच त्या त्या आकड्याने चालतात.

पहिली अँकर. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला तुम्ही त्या घराचे मालक असून तिथे राहत असायला हवं. उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तर १,५०० डॉलर, दीड ते अडीच लाख असेल तर १,०००. वय ६५ किंवा जास्त असेल तर वर २५०. भाडेकरूला दीड लाखापर्यंत ४५०, ज्येष्ठ असेल तर ७००. उत्पन्न म्हणजे एनजे-१०४० या राज्याच्या आयकर रिटर्नच्या २९ व्या ओळीवरचा आकडा. त्यात सोशल सिक्युरिटी येत नाही.

दुसरी सीनियर फ्रीझ. ही बिल कमी करत नाही, बिलातली वाढ परत देते. ६५ किंवा जास्त वयाचे किंवा फेडरल अपंगत्व लाभ घेणारे, काही वर्षं त्याच घरात राहणारे लोक यात येतात. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला दोन्ही वर्षांची उत्पन्नमर्यादा पाळावी लागते: २०२३ साठी १,६३,०५० आणि २०२४ साठी १,६८,२६८ डॉलर. इथलं उत्पन्न अँकरसारखं मोजत नाहीत. यात जवळजवळ सगळं धरतात, करपात्र असो वा नसो: सोशल सिक्युरिटी, भारतातली पेन्शन, स्टेट बँकेतल्या ठेवीचं व्याज, सगळं डॉलरमध्ये बदलून. पती-पत्नीचं एकत्र. बाबांना याची काळजी नाही, ते मर्यादेच्या खूप खाली आहेत. पण आकडा खरा आणि पूर्ण लिहा.

फ्रीझमध्ये उशिराची किंमत मोजावी लागते. पहिल्या अर्जाच्या आदलं वर्ष तुमचं बेस इयर ठरतं आणि त्या वर्षाचं बिल गोठतं. बाबांनी २०२४ साठी पहिला अर्ज केला असता तर २०२३ चं बिल गोठलं असतं. पात्र होताच केला असता तर त्याहून जुनं आणि कमी बिल गोठलं असतं. मधल्या वर्षांची वाढ मागाहून मिळत नाही. दर वर्षाच्या उशिराने पाया वर सरकतो, म्हणून या वर्षी रक्कम दीडशे डॉलर येणार असली तरी अर्ज करायचा.

तिसरी स्टे एनजे. २०२३ चा कायदा, पहिले हप्ते २०२६ च्या सुरुवातीला. वय ६५ किंवा जास्त, उत्पन्न पाच लाखांच्या आत, वर्षाचे बाराही महिने ते घर मालकीचं आणि राहतं. बिलाचा निम्मा भाग परत, कमाल ६,५०० डॉलर. पण ही बाकीच्या दोनांच्या वर आणखी मिळत नाही; त्यांची रक्कम वजा करून उरलेली मिळते. तुमचा हिशोब असा. बिल ९,६४०, निम्मे ४,८२०. समजा २०२३ चं बिल ९,४०० होतं, तर फ्रीझचे २४०. अँकरचे १,७५०. दोन्ही मिळून १,९९०. ४,८२० मधून ते वजा केले की स्टे एनजेचे २,८३०. एकूण हातात ४,८२०.

मग निम्मंच मिळणार असेल तर फ्रीझची खटपट कशाला, असं लोक विचारतात. कारण स्टे एनजेची कमाल रक्कम किंवा उत्पन्नमर्यादा एखाद्या बजेटमध्ये खाली आली, तर फ्रीझचं जुनं बेस इयर हाच तुमचा आधार असतो. ते एकदा मिळवून ठेवायचं आणि दरवर्षी अर्ज करून जपायचं.

तिन्हींसाठी ज्येष्ठांना एकच अर्ज आहे, पीएएस-१. भरण्याआधी टॅक्सचं बिल समोर ठेवा. त्यावर ब्लॉक आणि लॉट हे दोन क्रमांक असतात, आणि कोंडो असेल तर तिसरा, क्वालिफायर, ‘सी’ ने सुरू होणारा. बरेच जण ब्लॉक-लॉट लिहून थांबतात आणि अर्ज अडकतो, कारण त्या लॉटवर दीडशे कोंडो आहेत आणि तुमचा कोणता ते फक्त क्वालिफायर सांगतो. दुसरी अडचण आपल्या नावांची. डीडवर, म्हणजे घराच्या मालकीच्या दस्तावर, ‘पहिलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव’ असं पूर्ण, सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर फक्त पहिलं आणि शेवटचं, टॅक्सच्या बिलावर मधल्या नावाचं एक अक्षर. आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर आणखी गुंता. अर्जावर नाव सोशल सिक्युरिटीच्या नोंदीप्रमाणे लिहा आणि डीडची प्रत हाताशी ठेवा.

टॅक्स मॉर्टगेज कंपनीच्या एस्क्रोमधून, म्हणजे कर्जाच्या हप्त्यासोबत टॅक्सचे पैसे जमा होतात त्या खात्यातून, जात असेल तर तुमच्याकडे पावती नसते. कंपनीचं वर्षअखेरचं विवरण नुसतं जोडू नका, गावाच्या टॅक्स कलेक्टरकडून दोन्ही वर्षांचा भरणा लिहून घ्या. फ्रीझसाठी त्या वर्षाचा सगळा टॅक्स पुढच्या वर्षाच्या १ जूनपर्यंत भरलेला लागतो, आणि एस्क्रोने एखादा हप्ता उशिरा भरला तरी थकबाकी तुमच्याच नावावर दिसते. टॅक्सचा जो भाग बिलात जोडलेल्या पाणी-गटाराच्या आकाराचा असेल तो प्रॉपर्टी टॅक्स नव्हे, तो अर्जात मिळवू नका. आणि एनजे-१०४० भरावा लागत नाही इतकं उत्पन्न कमी आहे म्हणून अर्ज करता येत नाही, हाही गैरसमज सोडा. रिटर्न न भरणाऱ्यालाही अर्ज करता येतो. दांपत्याचं उत्पन्न २० हजारांच्या आत असेल तर न्यू जर्सीचं रिटर्न लागत नाही, एवढंच.

तुमच्या बाबतीत घर आई-बाबांच्या नावावर आहे हे फार चांगलं. हे उत्तर वाचणाऱ्या बऱ्याच घरांत तसं नसतं. मुलाच्या नावावरच्या घरात आई-वडील राहतात. तिथे आई-वडील कितीही वयाचे असले तरी मालक नाहीत, म्हणून स्टे एनजे आणि फ्रीझ दोन्ही नाहीत. ‘मग डीडवर त्यांचं नाव घालून टाकू’ ही कल्पना लगेच सुचते. थांबा. पती-पत्नीखेरीज सहमालक असतील तर लाभ हिश्शाच्या प्रमाणात मिळतो, पूर्ण नाही. घराचा हिस्सा देणं ही फेडरल नियमांनी भेट ठरते आणि भेटीचं विवरण भरावं लागू शकतं. मॉर्टगेजच्या करारात मालकी बदलली तर सगळं कर्ज मागण्याचा हक्क बँकेला असतो. पती-पत्नी किंवा मुलं मालक झाली तर फेडरल कायदा त्यातून संरक्षण देतो, आई-वडिलांना डीडवर घेण्याला ते संरक्षण तसं लिहिलेलं नाही. पुढे मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) लागलं किंवा घर विकायचं झालं तर आणखी प्रश्न. दोन-तीन हजारांच्या सवलतीसाठी यात शिरण्याआधी मालमत्तेचा वकील गाठा.

आता बाबांची शंका. राज्य या सवलती चेकने किंवा थेट बँकेत देतं. गावाला तुमच्याकडून पूर्ण ९,६४० मिळतात, आणि शाळेला तिची लेव्ही गावाने पूर्ण द्यायची असते, एखाद्याने टॅक्स थकवला तरी. त्यामुळे बाबांच्या ४,८२० चा शाळेच्या बँकखात्याशी काहीही संबंध नाही. गावाला स्वतःहून गरीब घरासाठी वेगळा दर लावताही येत नाही. राज्यघटना सगळ्या मालमत्तेला एकच मोजमाप लावायला सांगते. म्हणूनच उत्पन्न बघून द्यायची सवलत राज्याच्या तिजोरीतून येते.

राज्याच्या पातळीवर मात्र बाबांच्या शंकेत तथ्य आहे. न्यू जर्सीत राज्याचा आयकर १९७६ मध्ये आला तो शाळांच्या पैशामुळेच. रॉबिन्सन विरुद्ध काहिल या खटल्यात १९७३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळा मुख्यतः स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सवर सोडून देणं घटनेला धरून नाही. विधिमंडळाने पैशांची सोय केली नाही, तेव्हा १९७६ च्या जुलैत न्यायालयाने शाळांचा खर्चच रोखला, आणि मग आयकर मंजूर झाला. त्या कराचे पैसे घटनेनेच प्रॉपर्टी टॅक्सचा भार हलका करण्यासाठी राखून ठेवलेत. शालेय अनुदान आणि अँकरसारख्या सवलती दोन्ही त्याच निधीतून जातात. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला सवलतीचा डॉलर गेला तर तो शाळेच्या अनुदानाला उपलब्ध राहत नाही. इथे ‘कोणाला’ हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

दोन घरं घ्या, दोघांचंही बिल ९,६००. एकाचं उत्पन्न ६० हजार, म्हणजे उत्पन्नाच्या १६ टक्के टॅक्स. दुसऱ्याचं १ लाख ४५ हजार, तिथे ६.६ टक्के. दोघांना अँकरचे सारखेच १,५०० दिले तर पहिला १३.५ वर येतो, दुसरा ५.६ वर. आता दुसरी पद्धत बघा: उत्पन्नाच्या ८ टक्क्यांवर जितका टॅक्स जातो त्याचा निम्मा राज्य देईल. पहिल्या घराची मर्यादा ४,८००, जादा ४,८००, सवलत २,४००. दुसऱ्याची मर्यादा ११,६००, बिल तिच्या आतच, सवलत शून्य. ३,००० ऐवजी २,४०० खर्च झाले आणि ज्याला भार झेपत नव्हता त्याला ९०० डॉलर जास्त मिळाले. घरातला विजेचा खटका भार वाढला की पडतो, तसं हे काम करतं आणि अमेरिकेत याला सर्किट ब्रेकरच म्हणतात. विस्कॉन्सिनने १९६४ मध्ये सुरुवात केली. मिनेसोटा आणि मिशिगनमध्येही उत्पन्नाशी बांधलेली अशी परतफेड आहे.

याच्या तुलनेत स्टे एनजे वयाकडे बघते, गरजेकडे नाही. साडेचार लाख उत्पन्न आणि १३ हजारांचं बिल असलेल्या ज्येष्ठ दांपत्याला ६,५००, आणि दोन मुलं वाढवणाऱ्या ५० हजार उत्पन्नाच्या तरुण भाडेकरू कुटुंबाला ४५०. त्या भाड्यातही घरमालकाचा टॅक्स असतोच. राज्याचा आयकर स्वतः भाड्याचे १८ टक्के टॅक्स म्हणून धरतो. माझ्या मते ही रचना चूक आहे आणि पाच लाखांची मर्यादा बरीच खाली यायला हवी. बाबांनी म्हणून अर्ज करू नये असं अजिबात नाही. त्यांच्यासारख्यांसाठीच सवलत असायला हवी. सर्किट ब्रेकरलाही उणिवा आहेत: अर्ज करावा लागतो म्हणून हक्काचे बरेच लोक सुटतात, आणि उत्पन्न कमी पण मालमत्ता मोठी असलेल्यालाही मिळतो. त्यावर कमाल रक्कम आणि घराच्या किमतीची मर्यादा घालतात.

शाळेकडे वळतो. दोन गावं, दोन्हीत हजार विद्यार्थी. ‘अ’ गावात दर विद्यार्थ्यामागे २० लाख डॉलरची करपात्र मालमत्ता, ‘ब’ गावात ४ लाखांची. दर विद्यार्थ्यामागे १२ हजार उभे करायला ‘अ’ ला दर लागतो १०० मागे ६० सेंट, ‘ब’ ला ३ डॉलर. चार लाखांच्या घराला ‘अ’ मध्ये २,४०० आणि ‘ब’ मध्ये १२,०००, शाळा तितकीच. बहुतेक वेळा ‘ब’ मध्येच इंग्रजी नव्याने शिकणारी आणि गरीब घरांतली मुलं जास्त असतात, म्हणजे खर्चही जास्त.

राज्याचा २००८ चा शालेय अनुदान कायदा यासाठी दोन आकडे काढतो. पहिला ॲडेक्वसी बजेट: एका प्राथमिक विद्यार्थ्याचा मूळ खर्च, हायस्कूलला थोडं अधिक वजन, गरीब मुलासाठी मूळ कायद्यात ४७ ते ५७ टक्के अधिक, इंग्रजी शिकणाऱ्यासाठी ५० टक्के अधिक. दुसरा लोकल फेअर शेअर: गावाने किती उचलायला हवं. तो काढताना गावाची मालमत्ता आणि गावकऱ्यांचं एकूण उत्पन्न निम्मं-निम्मं धरतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की राज्याचं इक्वलायझेशन अनुदान. ॲबट विरुद्ध बर्क या दीर्घ खटल्यात गरीब शहरांच्या शाळांसाठी न्यायालयाने ज्या गोष्टी बजावल्या, त्यांतून हा कायदा आला, आणि २००९ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. तत्त्व चांगलं आहे. बिघाड अंमलात होतो.

तुमच्या गावात कपात का झाली याचं एक सरळ कारण असू शकतं. घरांचे भाव वेगाने वाढले की कागदावर गाव श्रीमंत होतं, फेअर शेअर वाढतो, अनुदान घटतं. पण २०१० च्या कायद्यामुळे शाळेची लेव्ही काही अपवाद सोडता वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. राज्य म्हणतं ‘तुम्ही आणखी ५ टक्के द्या’ आणि राज्याचाच कायदा म्हणतो ‘२ च्या वर नाही’. मधल्या फटीत शिक्षक जातात. २०१८ नंतर जुनं वाढीव अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतलं गेलं, तेव्हा टॉम्स रिव्हरसारख्या स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला) हेच सोसावं लागलं. २०२५-२६ साठी राज्याने एका वर्षातली घट ३ टक्क्यांवर आणि वाढ ६ टक्क्यांवर रोखली. घट रोखली हे बरं, पण ज्यांचं आधीच तुटपुंजं आहे त्यांचीही वाढ अडली.

दुसरं कारण शोधायला लोक विसरतात: पायलट. नवीन इमारतींना गाव दीर्घ मुदतीची करमाफी देतं आणि टॅक्सऐवजी ठरावीक रक्कम घेतं. त्यातले ९५ टक्के गाव ठेवतं, ५ टक्के काउंटीला जातात, शाळेला कायद्याने काहीच द्यावं लागत नाही. त्या इमारतीतली मुलं मात्र शाळेत येतात.

आता फिरणारा अर्ज. ‘मुलं नाहीत त्यांना माफी’ याचा हिशोब करून बघा. हजार सारखी घरं, शाळेची लेव्ही ६० लाख, म्हणजे घरामागे ६,०००. सहाशे घरांत शाळेत जाणारी मुलं नाहीत. त्यांना सोडलं तर उरलेल्या चारशे घरांवर प्रत्येकी १५,०००. तरुण कुटुंबं गाव सोडतील, नवीन येणार नाहीत, आणि तुमच्या बाबांच्या कोंडोला गिऱ्हाईक मिळणार नाही. सरसकट २० टक्क्यांत २० हजारांचं बिल असणाऱ्याचे ४,००० वाचतात, ६ हजारवाल्याचे १,२००, भाडेकरूच्या हाती काही नाही. राज्याने ती रक्कम भरून दिली नाही तर शाळेचा पाया तेवढा खाली जातो, आणि पुन्हा चढायला तीच २ टक्क्यांची मर्यादा आडवी येते. टेक्सासने २०२३ मध्ये घरांना शाळेच्या टॅक्समधली सूट एक लाख डॉलरपर्यंत नेली, तेव्हा डिस्ट्रिक्टचं नुकसान राज्याने भरून देण्याची तरतूद केली होती. तुमच्या अर्जात तशी एक ओळही नाही. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये घर विकेपर्यंत असेसमेंट वर्षाला २ टक्क्यांवर रोखलं. आज तिथे शेजारी-शेजारी सारख्या घरांची बिलं कित्येक पट वेगळी आहेत, आणि नव्याने घर घेणारं तरुण कुटुंब सगळ्यात जास्त भरतं.

सहीऐवजी हे करा. गव्हर्नरचं बजेट भाषण झालं की काही दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या अनुदानाचे आकडे जाहीर होतात. शाळेच्या संकेतस्थळावर ‘यूजर-फ्रेंडली बजेट’ नावाचा दस्तऐवज असतो. त्यावरून तीन आकडे जुळवा: ॲडेक्वसी बजेट, लोकल फेअर शेअर आणि प्रत्यक्ष लेव्ही. लेव्ही फेअर शेअरइतकी किंवा जास्त आहे आणि तरी खर्च ॲडेक्वसीच्या खाली आहे, तर गावाने आपलं केलंय, कमी राज्याचं पडतंय, आमदाराकडे जा. लेव्ही फेअर शेअरच्या बरीच खाली आहे आणि खर्चही ॲडेक्वसीखाली, तर २ टक्क्यांच्या मर्यादेतून सूट आणि तिच्या जोडीला कमी उत्पन्नाच्या घरांना राज्याची सवलत, दोन्ही एकत्र मागा. एकटी लेव्हीवाढ तुमच्या बाबांसारख्यांनाच बाधेल. लेव्ही कमी आणि खर्च पुरेसा असेल तर आजवर जास्तीचं अनुदान येत होतं, ते जाणार हे धरून चाला. आणि दोन्ही आकडे वर असतील तर प्रश्न खरोखरच खर्चाचा आहे, तिथे बजेटच्या ओळी तपासायला हरकत नाही.

शाळेच्या बजेटची जाहीर सुनावणी एप्रिलच्या शेवटी ते मेच्या सुरुवातीला असते. नोव्हेंबरमध्ये निवडणूक घेणाऱ्या डिस्ट्रिक्टांत २ टक्क्यांच्या आतलं बजेट मतदानाला येतच नाही, म्हणून बोलायची जागा हीच. माइकवर मिनिटं मोजकी मिळतात. एका कागदावर ते तीन आकडे लिहून न्या, चौथा म्हणून गावातल्या पायलट इमारतींची एकूण किंमत गावाच्या क्लार्ककडून आधी मागून घ्या, आणि बोर्डाला एवढंच विचारा की या रकमेतला शाळेचा वाटा मिळावा म्हणून त्यांनी टाउनशिपला पत्र लिहिलंय का, आणि लिहिलं असेल तर उत्तर काय आलं.